संगमावरच्या झिऱ्याचं पाणी

आमचं गाव पूर्णाकाठी, खारपाणपट्ट्यात. नळ आठ दिवसांनी येतो, तोवर विहीर. आणि विहिरीचं पाणी असं, की वरणात मीठ टाकताना बायका हात आखडता घेतात. माझे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, वरूडचे संत्रावाले. ते येताना पाण्याची बाटली घेऊन येतात. बैठकीत चार माणसं असली तरी तिचं झाकण फिरवतात. ते झाकण करकरलं की मले वाटते, कोणी माझ्याच टोपीवर पाय देऊन राहिलं.

यंदा ऐन थंडीत आले, तेव्हा मी बोलून बसलो, "इवाई, संगमावरच्या झिऱ्याचं पाणी प्या एकदा. बाटली इसरान."

"चला मंग," ते म्हणाले.

गावची लहान नदी पूर्णेला मिळते तो आमचा संगम. तिथे रेतीत हातभर उकरलं की पाणी झिरपून वर येतं, तो झिरा. लहानपणी अख्खं गाव तेच प्यायचं. मी स्वतः तिथे जाऊन कैक वर्षं झाली होती, पण हे कशाला सांगायचं?

सुनेनं काठी पुढे केली. "मामाजी, काठी तरी घ्या."

"इवायाले दे," मी म्हटलं. त्यांनीही घेतली नाही. दोघं म्हातारे बिनकाठीचे निघालो. शेतांमधल्या पांदणीच्या वाटेत ढेकळं, दोहीकडे डोक्याइतकी उंच तूर, अंगावर दव.

"पांदण लय खराब आहे तुमची," इवाई धापा टाकत म्हणाले.

"पांदण बरोबर आहे. डांबरावर चालून तुमचे पाय नाजूक झाले."

संगमावर मी झिरा उकरला. गढूळ पाणी दोनदा सोबत आणलेल्या गडूनं उपसून फेकलं, तिसऱ्यांदा निवळलं. इवाई तोंड धुवायला नदीकडे गेले, तेवढ्यात मी घोटभर चाखलं. खारट. विहिरीच्या सख्ख्या बहिणीसारखं.

आता माघार घेणारा मी नाही. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आवळ्याचं झाड होतं. आवळा खाल्ल्यावर कोणतंही पाणी गोड लागतं, हे शेंबड्या पोरालेही माहीत. दोन तोडून आणले.

"आधी हे खा, इवाई. झिऱ्याचं पाणी आवळा खाऊनच पेतात, आमची रीत आहे." अशी काही रीत नाही. ती मी तिथे उभ्या उभ्याच काढली.

त्यांनी आवळे घेतले आणि माझ्याकडे पाठ करून ऊन खात उभे राहिले. जबडा हलताना दिसला. मग अख्खा गडू प्याले, मिशा पुसल्या.

"कसं काय?"

"गोड आहे न."

"वरूडपेक्षा?"

"आता तेवढं नका म्हणायले लावू."

बगलेत आणलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी तुरीच्या बुडाशी ओतून दिलं. येताना मी पुढे, ते मागे. वाटेत भेटेल त्याला मी थांबवून सांगितलं, इवायानं बाटली सांडली म्हणून.

घरी ओसरीवर ते बूट काढायला वाकले, आणि सदऱ्याच्या खिशातून दोन आवळे टपटप पडले. अख्खे. एक घरंगळत माझ्या पायाशी आला.

"मामाजी, हे कुठचे आवळे?" सुनेनं विचारलं.

मी खांबाकडे पाहायला लागलो.

"रीतीचे आहेत," इवाई म्हणाले. "आवळासुपारी करून ठेव बाई. अन् मले पाणी दे. विहिरीचंच."

सुनेनं गडू भरून दिला. मी मुद्दाम समोर बसलो. सगळा गडू प्याले. शेवटच्या घोटाला मात्र त्यांचा डावा डोळा मिटला.