दत्ताची पिकअप पालीला थांबली

मी लष्करात ड्रायव्हर होतो. सैनिक म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात बंदुकीपेक्षा स्टेअरिंग जास्त वेळ होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझं पोस्टिंग काश्मीरमध्ये एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होतं. हुद्दा हवालदार, गाव गेवराई तालुक्यातलं उमापूर. माझ्याच सेक्शनमध्ये नाईक दत्ता होता, केजजवळच्या एका वस्तीवरचा. बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच. त्यामुळे आमची भाषा ऐकून बाकीचे हसायचे आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे तेल, पाणी, हवा, ब्रेक बघायचे. सहाला कॉन्व्हॉय सुटायचा. मोठा घाट चढला की वर हॉल्ट. हॉल्टची स्टँडिंग ऑर्डर अशी, की गाडी थांबली की इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, चाकाला दगड. सगळ्या गाड्या एकदम गप्प व्हायच्या. एकाच गाडीचा आवाज मागे उरायचा, दत्ताच्या.

"दत्ता, इंजिन बंद कर."

"करतो उस्ताद. घाट चढून आलीय. दम खाऊ द्या तिला."

त्याच्याकडे कंपनीत नवीन आलेली टर्बोची गाडी होती, आणि त्या गाडीचा कोर्स करून आलेला तो एकटाच. त्यानं मला एकदा समजावलं होतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चकती फिरते आणि ती जास्तीची हवा इंजिनात ढकलते. त्यामुळे गाडी दणकून ओढते. पण चकतीचा वेग इतका, की इंजिन बंद केलं तरी ती गरगरत राहते आणि तेल मात्र यायचं थांबतं. तापलेली चकती कोरडी फिरली की जळते. म्हणून चढ चढल्यावर थोडा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायचं.

सुभेदार साहेबांना हे पटत नव्हतं. "डीझल तेरे बाप का है?" असं ते रोज विचारायचे. दत्ता सावधान उभा राहायचा आणि तेवढ्यात त्याचा वेळ भरायचा. मग "नहीं साब" म्हणून किल्ली फिरवायचा. माझी पंचाईत व्हायची. ऑर्डर खरी की कोर्स खरा? मी त्याला रोज इंजिन बंद करायला सांगायचो आणि रोज दुसरीकडे बघायचो.

शेवटच्या सुट्टीत त्यानं आणि थोरल्या भावानं मिळून एक डिझेल पिकअप घेतली. तेव्हा बाजारात नव्या गाड्यांची रेलचेल सुरू झाली होती आणि टर्बो लिहिलेली गाडी दारात असणं म्हणजे मोठी गोष्ट होती. औरंगाबादहून ती दत्तानंच चालवत आणली. परत आल्यावर महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मायला अजून तिच्यात बसवलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत तिला शेजारी बसवून अख्खा तालुका फिरवणार होता.

ती सुट्टी आली नाही. एका सकाळी घाटाच्या वळणावर कॉन्व्हॉयवर गोळीबार झाला.

"व्हेइकल थ्री थांबली. ओव्हर."

"कारण सांगा. ओव्हर."

"फायर आलाय. ड्रायव्हर जखमी. ओव्हर."

व्हेइकल थ्री दत्ताची. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

दत्ताच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. औरंगाबादला विमानातून उतरलो तेव्हा विमानतळाबाहेर दत्ताचा भाऊ रामकिसन उभा होता. मागे ती पिकअप, धुऊन पुसून, हौद्यात चादर अंथरलेली.

"हवालदार सायब, त्यानंच आणली ही. आता त्याला हीच घेऊन जाईल."

नियमानं पेटी लष्करी ट्रकमधूनच न्यायची. सलामीचा गार्ड आणि ट्रक घेऊन आलेल्या कॅप्टन साहेबांना मी विचारलं. त्यांनी रामकिसनकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "कॅरी ऑन, हवालदार. ट्रक पुढे राहील." एवढंच बोलले.

रामकिसननं निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "माय तार आल्यापासून जेवली न्हाई. पोराचं तोंड बघितल्याबिगर पाणीबी घेत न्हाई म्हणती. दिवस मावळायच्या आत पोचलं पायजे." त्यांच्याकडे सूर्य बुडाल्यावर अग्नी देत नाहीत. उशीर झाला तर त्या म्हातारीला अख्खी रात्र पेटीजवळ काढावी लागली असती. मी म्हणालो, वेळेत पोचवतो. ड्रायव्हर माणूस, शब्द देऊन बसलो.

शहागडला पहिली गर्दी. मग गेवराई. मग मधली लहान लहान गावं. रस्त्याच्या कडेला माणसं हार घेऊन उभी, शाळेची मुलं ओळीत. गाडी भरधाव यायची, गर्दी दिसली की थांबायची आणि कोणीतरी पुढे होऊन सांगायचं, "इंजन बंद करा भाऊ. मानाचं हाय." रामकिसन लगेच किल्ली फिरवायचा. तशी शांतता पसरायची, लोक टोप्या काढायचे, बाया पदर डोळ्याला लावायच्या. पहिल्या ठिकाणी माझ्या कानात दत्ताचं वाक्य वाजलं. पण हात जोडून उभ्या असलेल्या माणसांना काय सांगणार? मान ठेवू नका, चकती जळते?

गेवराईच्या पुढे गाडी शिट्टी मारायला लागली. बीडच्या अलीकडे निळा धूर आणि ओढ कमी. बीडला पहिला मेस्त्री भेटला. त्यानं कान लावून ऐकलं आणि फिल्टर चोंदलाय म्हणाला. फिल्टर बदलला. मग पंपाचा दोष निघाला. मग डिझेलच खराब ठरलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. तासावर तास गेले. कॅप्टन साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ट्रक पुढे काढला, कारण गार्डला मैदान बघून सलामीची तयारी करायची होती. "फोर ओ'क्लॉक, व्हिलेजमध्ये," ते मला म्हणाले. मी "यस सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पालीला पिकअप थांबली. डावीकडे बिंदुसरेचं धरण, समोर मांजरसुंब्याचा घाट, आणि गाडी सपाटीवरसुद्धा चालेना. सैन्यातल्या इतक्या वर्षांत मी एवढा गोंधळलो नव्हतो. तिकडे कोणाला काय विचारायचं ते ठरलेलं असतं. इथे पन्नास माणसं होती आणि पन्नास सल्ले. कोणी ट्रॅक्टर जोडतो म्हणालं, कोणी जीप आणतो म्हणालं. रामकिसन हौद्याच्या फळीला धरून उभा होता.

"दुसऱ्या गाडीत न्हाई. ह्याच गाडीत."

"रामकिसनभाऊ, दिवस चाललाय."

"मला दिसतंय की. मी काय आंधळा हाय?" मग आवाज उतरला. "सायब, मायला काय सांगू? त्याची गाडी त्याला घरापोतर नेऊ शकली न्हाई म्हणून?"

मला त्याचा राग आला होता आणि त्याचं खरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

रस्त्यावर एक एसटीडी बूथ होता. मी केजच्या पोलीस ठाण्यात फोन लावला.

"हॅलो. हवालदार बोलतोय, लष्करातून. कॅप्टन साहेबांना निरोप द्या. गाडी पालीला थांबलीय. टर्बो गेला."

पलीकडचा शिपाई हळहळला. "अरेरे. हे टर्बो कोण? तेबी तुमच्याबरुबरचेच का?"

मी डोकं भिंतीला टेकवलं. हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. "माणूस नाही, साहेब. गाडीचा भाग आहे. निरोप एवढाच द्या, की येतोय."

तोवर पालीचा एक मेस्त्री आला होता. पन्नाशीचा, तोंडात तंबाखू. त्यानं पाइप काढला, आत बोट घातलं. चकती जाम होती. बोट काळं होऊन बाहेर आलं.

"नवी औरंगाबादेवरून यील. उद्या. न्हाईतर परवा."

"उद्या नको. आज केज गाठायचंय."

त्यानं हौद्याकडे बघितलं, तंबाखू थुंकून तोंड पुसलं आणि हात जोडले. मग म्हणाला, "एक करता यील. टर्बो बाजूला ठिवू. तेलाच्या नळीला बूच मारतो, हवा सरळ इंजनात सोडतो. बिनटर्बोची गाडी व्हईल, जुन्या वानाची. पयल्या गेरात रांगत जाईल. पण सारखं सेल मारून बॅटरी मेलीय. आता धक्का मारून चालू करू. एकदा चालू झाली की बंद करायची न्हाई. घाटात बंद पडली तर मग देवबी चालू करणार न्हाई."

"हे कशानं झालं?" रामकिसननं विचारलं. "सारखी बंद केली म्हणून का?"

"त्यानंबी व्हतं. तेलाची नळी आधीच चोंदल्याली आसंल, त्यानंबी व्हतं. मला काय म्हाईत भाऊ, मी काय आत बसलो व्हतो?"

पालीच्या पोरांनी धक्का मारला. गाडी खोकत चालू झाली. घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो. एक सायकलवाला उतरून सायकल ढकलत चालला होता, तो आमच्या पुढे गेला. रामकिसनच्या हनुवटीवरून घाम गळत होता. मी शेजारी बसून मीटरचे काटे बघत होतो. त्या गाडीत बघण्यासारखा एकही काटा सरळ उभा नव्हता.

घाटमाथ्यावर लोक होते, पण खरी गर्दी नेकनूरला. रस्ता अडवून माणसं उभी. पुढचा एक तरुण ओरडला, "इंजन बंद करा!"

रामकिसननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

"आरं, कावून बंद करत न्हाई बे? शहीद जवान हाय आत. काही मान ठिवा की!"

मी खाली उतरलो. भाषण मला जमत नाही. म्हणालो, "मंडळी, गाडी आजारी आहे. बंद केली तर परत चालू होणार नाही. त्याची आई उपाशी बसलीय. दिवस मावळायच्या आत त्याला घरी न्यायचंय."

गर्दीत कुजबुज झाली. कोणाला पटलं, कोणाला नाही. एक म्हातारा पुढे आला, खांद्यावर पांढरा गमजा.

"मग थांबू नगंस बाबा. तू चालव. आमी चालत चालत हार घालतो."

रस्ता मोकळा झाला. रामकिसननं क्लच सोडला आणि गाडी रांगायला लागली. तिच्या दोन्ही बाजूंनी नेकनूरची माणसं चालत होती. कोणी पळत नव्हतं, पळायची गरजच नव्हती. फळीवरून हात आत यायचे, पेटीवर फूल ठेवायचे आणि मागच्याला जागा द्यायचे. घोषणा नाहीत. पावलांचा आवाज आणि इंजिनाची घरघर. गावाची वेस संपली तरी माणसं चालतच होती. आदल्या सगळ्या गावांत शांतता होती. इथे आवाज होता, आणि तरी मला हाच मान मोठा वाटला. असं का वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही.

पुढची सगळी गावं आम्ही तशीच पार केली. बातमी आमच्या आधी पोचत होती. गाडी थांबत नाही, लोक चालतात.

वस्तीवर पोचलो तेव्हा सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला होता. गार्ड तयार उभा होता. कॅप्टन साहेबांनी गार्डला सावधान केलं. दाराशी माय उभी होती, दोन बायांच्या आधारानं. लहानखुरी बाई, कोरडे डोळे. रामकिसननं गाडी अंगणात घेतली आणि बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली.

रामकिसन थांबला.

"घाट चढून आलीय नव्हं? दत्ता काय म्हनायचा? दम खाऊ दे तिला."

मग ती पुढे आली. आम्ही पेटी उतरवली, झाकण उघडलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, एकदा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. कोणीतरी तांब्या पुढे केला. ती दोन घोट प्याली.

मी बाजूला झालो, पिकअपच्या मडगार्डवर हात ठेवला आणि रडलो. गणवेशात रडू नये म्हणतात. मी रडलो.

कारण त्या सकाळी व्हेइकल थ्रीपाशी मी पोचलो, तेव्हाही असंच होतं. गोळी लागल्यावर दत्तानं गाडी डोंगराच्या कडेला घेतली होती, मागच्यांना वाट राहावी म्हणून. हँडब्रेक ओढलेला होता. डोकं स्टेअरिंगवर होतं आणि इंजिन चालू होतं. सुभेदार साहेब धावत आले, दाराजवळ उभे राहिले. मी सवयीनं किल्लीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"रुक जा," ते म्हणाले. "चढ़ाई चढ़ के आया है."

आम्ही दोघं उभे राहिलो. किती वेळ, कोणी मोजलं नाही. मग सुभेदार साहेबांनी स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं आणि सॅल्यूट ठोकला.

वस्तीवर सूर्य बुडायच्या आत अग्नी दिला. सलामीच्या फैरी झाल्या. पिकअप अंगणात घरघरत होती. सगळं झाल्यावर रामकिसन गेला आणि त्यानं ती बंद केली. नवा टर्बो यायला त्यानंतर कितीतरी आठवडे लागले. कधी चुकीचा आला, कधी आलाच नाही. कशानं जळला, यावर केजच्या बाजारात अजून दोन मतं आहेत. कोणी म्हणतं नळी, कोणी म्हणतं माणसांनी दिलेला मान.

मी निवृत्त होऊन आता उमापुरातच असतो. गाडी साधी आहे, तिला टर्बो नाही. तरी कुठूनही घरी आलो की अंगणात मी थोडा वेळ इंजिन चालू ठेवतो. बायको आतून विचारते, "कोण आलंय?"

मी म्हणतो, "दत्ता."

मग किल्ली फिरवतो.