सोडून गेलेल्यांना कोण विचारणार?

बातमी मोरियामा-सानांनी सांगितली. ते आमचे जपानी साहेब. स्वतः उठून कुणाच्या टेबलाशी कधी येत नाहीत, त्या सकाळी माझ्यापाशी आले. "वसुधा-सान आज पहाटे गेल्या," एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. सगळं ऑफिस उभं राहिलं. मीही राहिले... पण मला रडायला मराठी माणूस हवं होतं, आणि त्या मजल्यावरचं माझ्याखेरीज एकुलतं एक मराठी माणूसच गेलं होतं.

वसुधाताई मूळच्या पुण्याच्या, इथे टोकियोत निशी-कसाई भागात एकट्या राहायच्या. मी ग्योतोकुला, नवऱ्याच्या नोकरीपायी टोकियोकडे आलेली. त्यांनीच मला या संशोधन कार्यालयात चिकटवलं. काम काय, तर अख्ख्या देशाचं उच्चशिक्षण कसं चाललंय ते जोखायच्या पद्धती ठरवायच्या. किती जण शिकून बाहेर पडले, कितींना नोकऱ्या लागल्या, संशोधन किती झालं. ताईंचं भांडण एकच : "मधेच सोडून गेलेल्यांना कोण विचारणार?" त्यांच्या धाकट्या बहिणीने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं होतं. "तिचं नाव कमी झालं आणि कॉलेजचा निकाल वर गेला, बोल आता!" हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चिरकायचा.

पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये ताई उभ्या राहिल्या आणि तावातावाने बोलल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं अनघा, पटलं की सगळ्यांना!" कसलं पटलं, डोंबल! मुद्दा तिथेच गाडला गेला होता. मी म्हटलं, "ताई, इथे मीटिंगमध्ये काही ठरत नाही हो. आधी एकेकाला भेटून ठरवतात, मीटिंगमध्ये नुसतं वाचून दाखवतात."

"म्हणजे मागच्या दाराने?"

"मागच्या नाही. इथे पुढचं दार तेच."

चिडल्या. बरेच दिवस माझ्याशीही धड बोलल्या नाहीत. मग मात्र बाईंनी असा पिच्छा पुरवला की विचारू नका! एकेकाच्या टेबलाशी जायचं, उभ्याउभ्या, हळू आवाजात बोलायचं... जन्मभर खणखणीत बोललेल्या बाईला ते किती जड गेलं असेल. आजारपण सुरू झालं तरी येत होत्या. शेवटी मोरियामा-सान म्हणाले, सोडून गेलेल्या थोड्या लोकांना विचारून बघू. पुढच्या मीटिंगमध्ये सगळं सुरळीत वाचून दाखवलं गेलं, तेव्हा ताई हॉस्पिटलात होत्या. मी सांगायला गेले तर डोळे मिटून नुसत्या हसल्या.

गेल्या आठवड्यात त्या लोकांना आमचे फोन सुरू झाले. बोलायला तयार झालेल्यांपैकी एक बाई, कॉलेज सोडून बरीच वर्षं झालेली, आता कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, काउंटरवर असते. माझे प्रश्न संपले तरी ती बोलतच राहिली. आईचं दुखणं, फी, वर्गात कुणाशी ओळखच न होणं... मग म्हणाली, "मला वाटायचं, मी गेले हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे विचारायचं ज्यांनी ठरवलं, त्यांना माझा नमस्कार सांगाल?"

"सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

ताईंच्या टेबलावर आता प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे ठेवतात. मी एक गठ्ठा उचलून खाली ठेवला, समोर उभी राहिले आणि त्या बाईचा निरोप मराठीत, चांगल्या मोठ्या आवाजात, ताईंना सांगितला. सगळ्यांनी माना वर केल्या. मग एकेक करून, त्या सकाळी मोरियामा-सानांनी घातली होती तशा, खाली घातल्या.