शंभराच्या आत

आता आमच्या दारावरून पाण्याचा टँकर दिवसातून चार वेळा जातो. पहिली फेरी सकाळी आठला. मागच्या नळीतून बारीक धारा पडत जातात, खडी काळी पडते, आणि पुढचा तासभर धूळ जागच्या जागी बसून राहते. आई दारात उभी राहून ते बघते आणि आत येते.

हा टँकर मध्यंतरी आमच्या दारावरून जवळजवळ बंद झाला होता. तो बंद झाला माझ्या सहीने.

आमचं घर कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून आहे, कोन गावाच्या अलीकडे. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा मी ज्या सल्लागार संस्थेत नोकरी करते, तिच्याकडे या कामाच्या पर्यावरणाची देखरेख आली. काम चालू असताना आजूबाजूच्या हवेचं, पाण्याचं, झाडांचं काय होतंय ते मोजायचं आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा. रस्त्याच्या मोरीखालून जाणाऱ्या ओढ्याचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यायचं. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली रोपं जगली का ते बघायचं. आणि महिन्यातून दोन दिवस, ठरलेल्या ठिकाणी, हवेतली धूळ मोजायची.

धूळ मोजायचं मशीन गुडघ्याच्या वर येईल एवढं असतं. ते हवा आत ओढतं आणि ती एका पांढऱ्या कागदातून जाते. धूळ कागदावर राहते. आधी कागदाचं वजन करायचं, मग नंतर करायचं. फरक म्हणजे धूळ. एवढंच. दर आठ तासांनी कागद बदलायचा आणि चोवीस तास मशीन चालू राहिलं पाहिजे. त्याला वीज लागते आणि उंचावरची, कोणाच्या तरी नजरेखालची जागा लागते. रस्त्याच्या आमच्या टप्प्यात आधी एका गोदामाच्या गच्चीवर मशीन ठेवलं होतं, तर तिथल्या वॉचमनने मोबाइल चार्ज करायला त्याचा प्लग काढला. सगळा दिवस वाया गेला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मग आपली गच्ची काय वाईट हाय?"

बाबा तीस-पस्तीस वर्षं भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो सुरू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. सगळं आयुष्य फुंक्यात, म्हणजे सुताच्या उडणाऱ्या बारीक तंतूंत गेलं होतं आणि छाती त्यातच गेली होती. डॉक्टरांनी निवृत्तीच्या आधीच सांगितलं होतं की धुळीपासून जपा. आमच्या घरात जपणं म्हणजे तोंडाला रुमाल.

मी ठाण्याला खोली घेऊन राहत होते. मशीनच्या दिवशी सकाळी सातला ऑफिसच्या गाडीतून यायचं, ते गच्चीवर लावायचं आणि दुसऱ्या ठिकाणांवर निघून जायचं. कागद बदलताना मी स्वतः हजर असायला हवं होतं. पण बाबांचे हात मी बघितले होते. चिमट्याने तो कागद ते असा उचलत की कडेला सुरकुती पडत नसे. मी त्यांना एकदा दाखवलं, आणि दुसऱ्यांदा तेच मला म्हणाले, "बाय, बोटाचं तेल लागलं तर वजन वाढंल ना?" मग दुपारी तीनची आणि रात्री अकराची बदली त्यांच्यावर सोडली. ते त्याला सेकंड शिफ्ट आणि थर्ड शिफ्ट म्हणत. प्रत्येक पाकिटावर वेळ लिहीत, आणि नोंदीच्या कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तिथे वळणदार अक्षरात लिहीत: सर्व ठीक.

मशीनवर त्यांचा जीव बसला. आईला चिडवायचे, "हे बघ, दिवसभर श्वास घेतं, पन माझ्यासारखं खोकत न्हाय."

आई म्हणायची, "त्याला तमाखू लागत न्हाय म्हनून."

पहिल्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, "किती आला म्हंजे चांगला?"

मी बूट घालत होते. गाडी बाहेर उभी होती. त्यांना मापाचं एकक, मर्यादा, सरासरी असं काय सांगायचं म्हणून मी म्हटलं, "शंभराच्या आत आला की पास."

"आनि कागदावर सही कोनाची?"

"माझी."

"बरं," ते म्हणाले.

त्या संभाषणाकडे मी नंतर किती वेळा परत गेले आहे. मी पास हा शब्द वापरला. ज्या माणसाने स्वतः सातवीत शाळा सोडली आणि माझा प्रत्येक निकाल शेटला दाखवायला कारखान्यात नेला, त्याला मी पास हा शब्द सांगितला, आणि खाली सही माझी असते हेही सांगितलं.

आमच्या घरावरचे आकडे चांगले आले. पहिल्या महिन्यात, दुसऱ्या, तिसऱ्या. सगळे शंभराच्या आत. त्याच वेळी पुढच्या टप्प्यात, जिथे रस्त्याला लागून शाळा आहे, तिथले आकडे मर्यादेच्या दुपटीजवळ जात होते. टँकर एकच होता. मी अहवालात लिहिलं की आमच्या टप्प्यातल्या फेऱ्या चारवरून एकवर आणाव्यात आणि उरलेल्या शाळेकडे वळवाव्यात. लिहिताना मला बरं वाटलं होतं. स्वतःच्या घरासमोरचं पाणी मी शाळेच्या पोरांना देत होते, आणि तेही आकड्यांच्या आधाराने. साहेबांनी त्या परिच्छेदाशेजारी बरोबरची खूण केली.

माझ्या डोळ्यांना काय दिसत होतं तेही लिहिलं पाहिजे. तुळशीची पानं राखाडी झाली होती. पूर्णा गावच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर खोदलेल्या कडेवरून गेले की मागचं घर दिसेनासं व्हायचं. माझ्या जुन्या कपाटातली पुस्तकं मी घरी गेले की पुसत असे, आणि एका आठवड्याच्या धुळीवर बोटाने नाव लिहिता आलं असतं. बाबांचा खोकला फोनवरही ऐकू यायचा. एकदा मी म्हटलं, "बाबा, खोकला वाढलाय." ते म्हणाले, "तुझ्या कागदावर तर धूळ न्हाय. मग खोकला थंडीचा असंल." मी हसले. माझ्याकडे आकडा होता. मी लहानपणापासून छापलेल्यावर विश्वास ठेवत आले आहे, आणि हे तर मी स्वतः मोजलेलं होतं.

थंडी संपता संपता त्यांना ताप आला. छातीत संसर्ग झाला. कल्याणच्या दवाखान्यात नऊ दिवस नाकाला नळी होती. सातव्या दिवशी ते थोडं बोलले. मला जवळ बोलावून विचारलं, "मशीनचा दिवस कधी हाय?" मी म्हटलं, पुढच्या सोमवारी. ते म्हणाले, "पाकिटं गोदरेजच्या कपाटात हायत. आईला शिकीव." सोमवार आला तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. मशीन त्या वेळी लावलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आई आणि मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली गोणपाटं होती, दहा-बारा तरी, कडांना तार ओवलेली. मी विचारलं, ही कशाची.

"तुझ्या मशीनची," आई म्हणाली.

मला कळलं नाही. तिने सांगितलं ते अगदी सहज, कपड्यांच्या घड्या घालता घालता. मशीन लावून माझी गाडी वळली की बाबा ही गोणपाटं पिंपात भिजवून गच्चीच्या कठड्याला चारी बाजूंनी टांगत. मग पाइप लावून दारासमोरचा रस्ता भिजवत, पार वळणापर्यंत. दर तासा-दीड तासाने पुन्हा. नळाला पाणी सकाळी तासभरच येतं, म्हणून आदल्या दिवशी दोन पिंपं जास्तीची भरून ठेवत. "मी भांडायची, की धुणं कशात करू. तर म्हनायचे, एक दिवस ऱ्हाऊ दे. लूममध्ये असंच करतात. पानी मारलं की फुंका खाली बसतो, सूत तुटत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन न्यायला येण्याआधी गोणपाटं उतरलेली असत. अंगण ओलं असे. पण सकाळी सातला आमच्याकडे कोणाचं अंगण ओलं नसतं? सडा तर सगळेच घालतात. मी कितीदा त्या ओल्या जमिनीवरून चालत गेले होते.

मी आईला विचारलं, "पण का?"

"तू नापास व्हशील म्हनून," ती म्हणाली. तिला वाटलं मला हे माहीत आहे.

मी तिला टँकरबद्दल विचारलं. बाबांना ठाऊक होतं का, की आकडा कमी येतो म्हणून फेऱ्या कमी झाल्या? टँकरवाल्यानेच सांगितलं होतं, ती म्हणाली. तो उत्तरेकडचा, बाबांशी त्याचं जमायचं, चहाला थांबायचा. दारात उभा राहून म्हणाला होता, "चाचा, आपके यहाँ का मशीन तो फर्स्ट क्लास पास है. अब इधर पानी नहीं, उधर स्कूल पे मारने का." तो गेल्यावर बाबा बराच वेळ ओट्यावर बसून होते. आई म्हणाली, आता ते गोणपाट बंद करा, जे काय यायचं ते येऊ द्या, टँकर तरी परत येईल. तर ते म्हणाले, "एकदम आकडा चढला तर बायला विचारतील, आधीचा खोटा होता काय. सही तिची हाय."

आणि पुढच्या मशीनच्या दिवशी पुन्हा पिंपं भरली.

आई घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "एक मात्र बरं होतं. मशीन असलं की त्या दिवशी त्यांना खोकला कमी असायचा."

हे वाक्य ऐकल्यानंतर त्या दिवशी मी काय केलं, मला आठवत नाही.

महिन्यातले दोन दिवस. ते दोन दिवस मी कागदावर जमवले आणि उरलेल्या अठ्ठावीस दिवसांवर लागू केले. मी कागद बदलायला स्वतः हजर असते, तर दुपारी तीनला ती गोणपाटं मला दिसली असती. मी रागावले असते, ते खजील होऊन हसले असते, आणि आकडा जो होता तो आला असता. टँकर चार वेळा गेला असता. त्याने बाबा वाचले असते असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले की तीस वर्षांच्या छातीचं असं सांगता येत नाही. पण त्यांचे शेवटचे महिने त्या धुळीत गेले ते माझ्या परिच्छेदामुळे, आणि हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

मी ऑफिसला पत्र दिलं. या ठिकाणचे सगळे आकडे रद्द धरावेत. कारण: नमुने घेताना घरमालकाने पाणी मारून धूळ बसवली होती, आणि कागद बदलताना मी स्वतः हजर नव्हते. घरमालक हा शब्द लिहायला मला एक संध्याकाळ लागली. साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुमचे वडीलच ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, पत्रातला दुसरा भाग काढून टाका, पहिला पुरेसा आहे. मी काढला नाही. त्याचं जे व्हायचं ते झालं. पुढची बढती गेली, नोकरी राहिली. टँकर कोणाच्या शब्दावर फिरत नाही, आकड्यावर फिरतो, म्हणून पुन्हा मोजायचं ठरलं.

त्या दिवशी मी मशीन लावून कुठे गेले नाही. सकाळी आई झाडू घेऊन दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "सडा तरी घालू का?"

"नको."

आमच्या दारात सडा पडला नाही. सुतक संपल्यानंतरही. शेजारणीने ते बघितलं. आम्ही दोघी दिवसभर गच्चीवर जिन्याच्या सावलीत बसून राहिलो, तोंडाला बाबांचेच रुमाल बांधून. खालून डंपर जात होते. मशीन आपलं एका लयीत हवा ओढत होतं.

तीन वाजता मी झाकण उघडलं. बाबांच्या पाकिटांतले कागद मी बघितलेले होते, जरासे मळल्यासारखे, फिके. हा कागद मातकट काळा होता. त्यावर मशीनच्या जाळीचा ठसा उमटला होता. आई वाकून बघत होती. तिने हात पुढे केला आणि बोट कागदाच्या वर आणून तसंच थांबवलं.

"हात लावायचा न्हाय ना," ती म्हणाली. "मला कधी लावू दिला न्हाय त्यांनी."

मी कागद चिमट्याने उचलला. कडेला सुरकुती पडली. माझे हात त्यांच्यासारखे नाहीत. पाकिटात घातला, वेळ लिहिली, सेकंड शिफ्टचा कागद लावला. मग नोंदीचा कागद गुडघ्यावर घेऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाणी मारलेले नाही.