हरवलेल्या घेरांची जोडकाकू

"आई, कोर्टात तुम्हाला यावं लागेल," सूनबाई म्हणाली आणि गॅस बारीक केला. जणू आच मोठी असती तर बोललेलं करपलं असतं.

काकू भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "कशाला?"

"ह्यांचं काही कळलं नाही, कळेल असंही वाटत नाही, एवढं सांगायला. बेपत्ता माणसासाठी कायदा म्हणतो ती सात वर्षं भरली. वकील म्हणतात, आईनं सांगितलं की कोर्ट ऐकतं." मग भांड्यातच बघत, "ते थांबलेत माझ्यासाठी. पण किती दिवस थांबतील?"

तिचे 'हे' म्हणजे काकूंचा मुलगा, सोन्या. तिचे 'ते' म्हणजे ती काम करायची त्या दवाखान्यातला कंपाउंडर. चांगला माणूस होता मेला. काकूंना त्याचाच राग होता, की त्याच्यात नाव ठेवायला काही सापडत नव्हतं.

"येईल असं वाटत नाही, हे मी सांगायचं?"

"तुम्हीच."

"आणि मला वाटत असेल तर?"

काकूंनी देठं पातेल्यात टाकली आणि पानं कचऱ्यात. दोघींनी ते पाहिलं.

आता काकूंची नोकरी सांगायला हवी, कारण घोडं तिथंच अडलं होतं. काकू एका संशोधन संस्थेत टायपिस्ट म्हणून लागल्या. टाइपरायटर भंगारात गेले, काकू राहिल्या. मग तिथल्या मोठ्या बाईंनी (वयानं सगळ्यांत लहान, म्हणून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे) त्यांना एका पडद्यासमोर बसवलं. संगणकात विश्व कसं वाढत गेलं, त्याचा खेळ मांडलेला. एकामागून एक चित्रं. त्यात कृष्णद्रव्याचे गोळे. पुस्तकात त्यांना प्रभामंडल म्हणतात. काकू म्हणायच्या, घेर.

"हा घेर डोळ्यांना दिसत नाही, काकू," मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथं आपण रंग दिलाय म्हणून दिसतोय. खरी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा सगळा झगमगाट, तो या घेराच्या मधोमध ठेवलेला एवढासा दिवा. वजन सगळं घेराचं. घेर मोठा, तर दिवाही सहसा मोठा."

"आणि घेर नसेल तर?"

"तर दिवा लागायचाच नाही."

"म्हणजे नाव दिव्याचं, संसार घेराचा," काकू म्हणाल्या, आणि नोकरी पक्की झाली.

लहान घेर मोठ्याच्या ओढीत सापडला की त्याच्यात शिरतो. आधी त्याची बाहेरची बाजू ओरबाडली जाते. आतला दिवा बराच काळ जसाच्या तसा. बघणाऱ्याला वाटावं, सगळं आलबेल आहे. पण मोठ्याच्या अगदी मध्यातून जाताना त्या गर्दीत लहान घेर संगणकाला ओळखूच येत नाही. तो लिहून मोकळा होतो: हरवला. कधी कधी पुढच्या चित्रांत तो पलीकडून बाहेर पडतो. तेव्हा संगणक त्याला नवाच जन्मलेला समजून नवा नंबर देतो. काकूंनी डोळ्यांनी बघायचं, तोच असेल तर जुन्या नंबराला जोडायचं. म्हणून जोडकाकू. ठरावीक चित्रांपर्यंत वाट बघूनही नाही आला, तर 'विलीन' असं लिहिलेलं बटण दाबायचं.

ते बटण काकू शेवटच्या चित्रापर्यंत दाबत नसत. शेजारच्या टेबलावरची चिमणी, जिचं तोंड पगाराच्या दिवशीसुद्धा मिटत नसे, ती म्हणायची, "काकू, यमानं तुम्हाला नोकरीला ठेवलं असतं ना, तर आजवर कुणी मेलंच नसतं."

"तू तरी नसतीस मेली. तिथंही बडबडत बसली असतीस."

सोन्या मोठ्या शहरात मुलाखतीला गेला होता. स्टेशनवरून फोन केला, "पोचलो, आई. गर्दी आहे, नंतर बोलतो." एवढंच. पोलीस झाले, दवाखाने झाले, नको त्या थंड खोल्यांतून चादरी वर करून बघून झालं. कुठंच नाही. काका आधीच गेलेले. घरात सासू आणि सून. एकदा बाजारात काकूंना पाठमोरी मान दिसली. तोच भोवरा, तीच एक खांदा पाडून चालायची ढब. काकू गल्ल्यांमागून गल्ल्या त्याच्या मागे गेल्या आणि बाही धरली. तो वळला. म्हणाला, "काय झालं, आजी?" भला होता, पाणी पाजलं त्यानं. घरी आल्यावर सूनबाईला त्या म्हणाल्या, "नव्हता तो. पण भोवरा तोच होता बघ." सूनबाई त्या रात्री जेवली नव्हती.

कोर्टाचं बोलणं झालं त्याच आठवड्यात मोठ्या बाई स्टूल ओढून काकूंच्या शेजारी येऊन बसल्या.

"काकू, हा तुम्ही जोडलेला. हा तो नाही."

"नाही कसा? बघा ना, आकार तोच. जिथून निघायला हवा तिथूनच निघालाय."

"आतले कण बघितलेत?"

आतले कण तपासायचे हा पहिला नियम: घेर ज्या कणांचा बनलेला, तेच पुढच्या चित्रातही हवेत. तो त्यांनीच चिमणीला शिकवला होता.

मोठ्या बाईंनी कण उघडले. "बघा. जुन्यातला एकही कण यात नाही. हा दुसऱ्या बाजूनं आलेला, वेगळाच आहे."

"मग आपला कुठे गेला?"

"गेला नाही कुठे." त्यांनी एक कळ दाबली. सबंध मोठ्या घेरभर पिवळे ठिपके उमटले. कडेला, मध्यात, विरळ, सगळीकडे. "हा काय. सगळा इथेच आहे. फक्त एकत्र नाही. तो म्हणून बोट ठेवावं असं काही उरलं नाही."

काकू बघत राहिल्या. "आणि त्याच्यातला दिवा?"

"दिवा आपण काही काळ चालू ठेवतो, काकू. घेर सापडत नसला तरी. त्याला अनाथ म्हणतात. अंदाजानं थोडं आयुष्य देतो. ते संपलं की मोठ्या दीर्घिकेत मिळवून टाकतो."

"अंदाज कुणाचा?"

"आपलाच."

"चुकला तर?"

"चुकतो की." मोठ्या बाईंचा आवाज खाली आला. त्यांना सोन्याचं माहीत होतं. संस्थेत सगळ्यांनाच होतं. "पण कुठंतरी थांबावं लागतं. नाहीतर पुढचं काहीच मांडता येत नाही. काढू का मी जोड?"

"तुम्ही नका. मी काढते."

त्यांनी जोड काढली. मग 'विलीन'च्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. चिमणीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यासोबत एकही शब्द दिला नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढताच काकूंनी विचारलं, "तारीख कधीची आहे?"

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिनं मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग काकूंच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "अगं, वेडी का काय तू. अगं, शहाणी ना."

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढीच होती. पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलाशी शेवटचं बोलणं?"

"स्टेशनवरून फोन केला होता. पोचलो म्हणाला."

"त्यानंतर काही निरोप? कुणी पाहिल्याचं कळलं?"

"नाही."

"तो परत येईल असं तुम्हाला वाटतं का?"

सूनबाई फरशीकडे बघत होती. काकूंना वाटलं, खोटं बोलावं लागेल. पण ओठ उघडले तेव्हा कळलं की हे खोटं नाही. त्यांनी कठडा धरला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं सांगा."

"नाही वाटत."

बाहेर कंपाउंडर रिक्षा थांबवून उभा होता. त्यानं काकूंची पिशवी घेतली, वाकून दार धरलं. सूनबाईनं त्यांचा हात हातात घेतला. "आई, आमच्याकडेच राहायला या. ह्यांनी खोलीसुद्धा बघून ठेवलीय, खिडकीची. हो म्हणा ना."

आता 'हे' म्हणजे कंपाउंडर. काकूंनी ते ऐकलं, गिळलं.

"येईन गं अधूनमधून. राहायला नको."

"का पण? एकट्या काय करणार तिथं?"

"घर बंद ठेवून कसं चालेल? कुणीतरी नको का तिथं, एखादवेळी तो..."

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "कुठं घेऊ, मावशी?" सूनबाई काकूंच्या तोंडाकडे बघत थांबली. काकूंना सांगता येईना.