चंद्रभानच्या टेबलावरचे नवरदेव

देवळीच्या स्टँडसमोर मधुकररावांचं हॉटेल होतं आणि त्या हॉटेलात चंद्रभान नावाचा वेटर होता. हॉटेलाला नाव ठेवायला जागा नव्हती, आलुबोंडा तर झकासच. वेटर मात्र असा, की एकदा त्याच्या हातचा चहा प्यालेला माणूस पुढच्या खेपेला एसटीतून खालीच उतरायचा नाही. पाण्याचे चार गिलास तो चार बोटं आत बुडवून आणायचा. चिवडा मागितला तर भजी ठेवायचा आणि वर सांगायचा, "खाऊन घ्या ना जी, तेही तेलातलंच हाये." मधुकररावांनी त्याला केव्हाच हाकलला असता. पण त्याच्यामुळे हॉटेलात लग्नाची गिऱ्हाइकं येत होती, आणि ती गिऱ्हाइकं घोळक्यानं यायची.

त्याचं असं झालं. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला गावातला एक बाप पोरगी दाखवायच्या आधी पाहुण्यांना चहा पाजायला घेऊन आला. चंद्रभाननं नेहमीच्या सफाईनं अर्धा कप चहा नवरदेवाच्या नव्या टेरिलीनच्या पँटवर ओतला. नवरदेवानं उठून त्याची आईबहीण काढली आणि एक कानफटात ठेवून दिली. पोरीच्या बापानं तिथल्या तिथं पाहुण्यांना परतीच्या गाडीत बसवलं. त्याच नवरदेवानं पुढं दुसरीकडं लग्न केलं, आणि ती दुसरी पोरगी वर्षाच्या आत अंगावर वळ घेऊन माहेरी आली.

झालं. गाल सुजला चंद्रभानचा आणि नाव झालं चंद्रभानचं. तेव्हापासून देवळीत कुणाच्या पोरीचं जमायचं असलं की बाप आदल्या दिवशी येऊन कानाशी लागायचा, "उद्या पाहुणे येऊन राह्यले. जरा पाह्यजो गा." मग चंद्रभान जीव तोडून वाईट काम करायचा. आधी आळसानं करायचा तेच आता समाजसेवा म्हणून करायला लागला. थंड चहा, ओला बाक, दहा हाका मारल्या की एक ओ. शेवटी बडीशेपेची बशी समोर ठेवायची आणि कोपऱ्यात फडकं झटकत उभं राहून पाहायचं.

त्याचं शास्त्र सगळं त्या बशीवर. आरडाओरडा करणारा घरी हात उचलणार. तोंड शिवून निघून जाणारा मनात डूख धरणार. "चहा थंड आहे, बदलून द्या," असं नीट सांगणारा आणि बदलून दिल्यावर चाराणे ठेवणारा, तो पास. आणि सगळ्यात वाया गेलेला कोण? जो एवढं सगळं सोसून वर बशीत पैसे ठेवतो तो. "असा माणूस बैताड, निरा येडा," चंद्रभान पानाची पिंक टाकून सांगायचा. "याले बाजारात कोणीही लुटते. खराब चाकरीले बक्षीस देणारा घर काय सांभाळन?" लोक माना डोलवायचे. खरंखोटं देव जाणे, पण त्याचा निकाल कुणी मोडला नाही.

एक्याऐंशी साली त्याच्या स्वतःच्या पोरीची, कांताची वेळ आली. कांताचा मामा प्रभाकरराव यानं हिंगणीचं स्थळ आणलं. पोरगा मोरेश्वर, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला, पगार सरकारी. बाप नत्थूजी, घरची शेती. एवढं चांगलं स्थळ वेटरच्या पोरीला परत येणार नव्हतं, हे चंद्रभानलाही कळत होतं. कांताची आई आनंदाबाई तर महिनाभर भिंती सारवत होती. पण गावभरच्या पोरींचे नवरदेव ज्यानं तपासले, त्यानं स्वतःच्या पोरीला बिनतपासलेला घ्यायचा? त्यानं प्रभाकररावाला बजावलं, "पहिले माह्या टेबलावर आणजो. मी कोण ते सांगजो नोको."

पाहुणे आले. चंद्रभाननं त्या दिवशी सगळी कला पणाला लावली. नत्थूजींच्या धोतरावर पाणी सांडलं. पोह्यांवर तर्री मागितली तर म्हणाला, "संपली," आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या टेबलावर वाढली. मोरेश्वरच्या चहात माशी होती; ती चंद्रभाननं टाकली नव्हती, पण काढलीही नाही. नत्थूजी लालबुंद झाले. "याले एक पैसा ठेवू नोको," ते पोराला म्हणाले आणि तरातरा बाहेर गेले. मोरेश्वर मागं रेंगाळला, चंद्रभानकडं नीट पाहिलं आणि दोन रुपयांची नोट बशीत ठेवून बापामागं गेला.

नापास! चंद्रभाननं नोट खिशात घातली, फडकं खांद्यावरून काढलं, डोक्याला टोपी घातली आणि मागच्या गल्लीनं घरी निघाला. अर्ध्या वाटेवर त्याला जे सुचलं ते सुचायला फार उशीर झाला होता. आजवर तपासणी केली ती दुसऱ्यांच्या पोरींची. तेव्हा वेटर वेगळा होता आणि बाप वेगळा. आज वेटरलाच बाप म्हणून पाहुण्यांसमोर बसायचं होतं. टोपी कितीही खाली ओढली तरी थोबाड तेच राहणार होतं.

दारात पाय ठेवला तोच नत्थूजी खाटेवरून उठले. "अरे, हा तं तोच हलकट!"

प्रभाकरराव जमिनीकडं बघायला लागला. चंद्रभाननं हात जोडले. "रागावू नोका जी. मी पोराची परीक्षा घेऊन राह्यलो होतो."

"परीक्षा? आमची?" नत्थूजींनी पायात वहाणा सरकवल्या. "चाल रे मोरेश्वर. पोरगी पाहाची नाई आपल्याले. बाप असा, तं पोरगी कशी असन!"

आता गप्प बसावं की नाही? पण चंद्रभानच्या जिभेला लगाम नव्हता. तो मोरेश्वरवर घसरला. "तुम्ही दोन रुपये काऊन ठेवले हो? येवढं खराब काम केलं म्या!"

मोरेश्वर संकोचला. "आमच्या दवाखान्यात बैल उगाच लाथा झाडाले लागला, तं आमी त्याले मारत नाई. कुठं दुखते ते पाहतो. तुमाले बरं नसन, असं वाटलं मले."

आपल्याला बैलाच्या रांगेत बसवलं, हे कळायला चंद्रभानला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो तडक स्वयंपाकघरात गेला. तिथं आनंदाबाई शिरा हलवत होती आणि कांता दाराच्या फटीशी डोळे पुसत उभी होती.

"जाऊ दे त्याहिले," चंद्रभान फणकारला. "पोरगा नापास हाये. खराब चाकरीले पैसे देते. निव्वळ बैताड!"

आनंदाबाईनं कढई उतरवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "कांता झाली तवा तुमी तमाशा पाहाले गेलते. माही माय वारली तवा तुमी हॉटेलात पान खात बसले होते. लग्नापासून एक दिस इचारलं नाई का बाई, तुह्यं काय दुखते. अशी चाकरी केली तुमी माही. तरी म्या रोज तुमचं ताट वाढलं, गरम वाढलं. खराब चाकरीले देणारा बैताड, तं मंग मी कोण जी?"

चंद्रभान कांताकडं वळला, तर तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही हे सगळं ठाऊक होतं. त्याला लाज वाटली, इतकी की डोक्यावरची टोपी त्यानं हातात घेतली. बाहेर नत्थूजींच्या वहाणा अंगणात वाजत होत्या.

तो धावत बाहेर आला आणि अंगणाच्या फाटकाशी त्यांच्या आडवा उभा राहिला.

"बसा ना जी नत्थूजी," तो म्हणाला. "तुमी मले जे म्हणान ते मी हावो. पण पोरगी माह्यावर नाई गेली जी. मायवर गेली हाये."

नत्थूजींनी त्याच्याकडं पाहिलं, मागं दारात उभ्या आनंदाबाईकडं पाहिलं, आणि वहाणा काढल्या.