विहारापुढची फरशी

चंपाबाईनं उभं आयुष्य घमेलं वाहिलं. अनसिंगमधल्या कितीतरी भिंतींत तिनं कालवलेला माल आहे, पण लोक त्या भिंती उकंडराव मिस्त्रींच्या म्हणून ओळखतात. बायांनी माल द्यायचा आणि थापी पुरुषानं धरायची, हा रिवाज कुणी पाडला देव जाणे! मोडायला मात्र कुणी पुढं येत नव्हतं.

यंदा वर्षावासात तिला संधी सापडली. पावसाळाभर विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. विहार लहान, त्यामुळं निम्म्या बाया बाहेर ताडपत्रीखाली, काळ्या चिखलावर पोती टाकून बसतात. तिथं बसवायच्या शहाबादी फरशा कधीच्या येऊन भिंतीला टेकल्या होत्या. पण उकंडराव म्हणाले, "दिवाई होऊ द्या. असल्या पाण्यात फरशी टिकत नाही."

"दिवाईपरेंत वाचन संपून जाते," चंपाबाई ताडकन म्हणाली. "मंग काय चिमन्या बसवता तिथं? मी लावतो."

मंडळी हसली. तिची सून पौर्णिमा घरी येताच म्हणाली, "आत्याबाई, फरशी बसली नाही तं सारं गाव हसन. पुन्हा कोनी थापीले हात लावू देनार नाही तुमाले."

"मालूम आहे मले," चंपाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाया जमवल्या. विहारापुढच्या अंगणातली काळी माती खोदून बाहेर फेकली, कारण ती पावसात फुगते आणि वर जे असेल ते उचलून टाकते. खड्ड्यात मुरूम भरला आणि धुमसानं चोपला. वरून पाऊस आला तसा तिनं चक्क टाळ्या पिटल्या. मुरूम दाबायला पाणी लागतंच, ते आयतं मिळत होतं. उघाड मिळताच ताडपत्रीखाली तिनं पहिली ओळ मांडली. दोरीत, उतारात, अगदी देखणी.

सकाळी पाहते तो फरशा खचलेल्या. एक इकडे कललेली, एक तिकडे. चंपाबाई तिथंच उकिडवी बसली.

तिनं एक फरशी उचलून खालचा माल बोटानं चाचपला आणि कपाळाला हात लावला. रेती पावसात भिजलेली होती, तिच्यात पाणी आधीच होतं. वर तिनं उन्हाळ्यासारखंच पाणी ओतलं होतं. इतकी वर्षं "टाक" म्हटलं की टाकायचं आणि "बस" म्हटलं की थांबायचं. किती टाकायचं हे ठरवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती!

"झाकून घ्या आत्याबाई, कोनी पाह्यलं नाही अजून," पौर्णिमा कुजबुजली.

"काहून झाकू? चुकलं तं चुकलं." चंपाबाईनं येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत सगळी ओळ उखडली. नवा माल मुठीत दाबून पाहिला. गोळा झाला, हाताला पाणी सुटलं नाही. आता तिला कुणाच्या हुकमाची गरज उरली नव्हती. ओळीमागून ओळ बसत गेली आणि पाऊस पडला तरी एकही हलली नाही.

त्या आठवड्यात वाचनाला आलेल्या बाया कोरड्या फरशीवर मांडी घालून बसल्या. उकंडरावही आले. चपला काढून कोपऱ्याकोपऱ्यात टाच दाबत फिरले. एकही फरशी डुगडुगली नाही की पोकळ वाजली नाही. चंपाबाई लांबून पाहत होती. मान ताठ होती.

"चंपा, शेलूबाजारले मोठं काम घेतलं आहे मी. येशीन?" त्यांनी जवळ येऊन विचारलं.

"कायले? घमेलं वाह्याले?"

उकंडरावांनी पुन्हा एकदा फरशीकडे पाहिलं. "नाही. थापी घेऊन ये."

किती वर्षं या शब्दांची वाट पाहिली होती तिनं! डोळे भरून आले, ते तिनं पदरानं टिपले. मग विहाराच्या दाराकडे वळत म्हणाली, "येतो. पन वर्षावास झाल्यावर. तवरोक थांबा लागन तुमाले."