नागासाकीच्या डोंगरावर घातलेलं गाऱ्हाणं

मी नागासाकीला गेले ती लेकीला परत आणायला. फिरायला जातेय, हे आपलं चाळीत सांगायला. जहाजांचे आराखडे करायचं तिचं दोन वर्षांचं काम संपत आलं होतं, तिथले लोक कायमची राहा म्हणत होते आणि सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. तिचे बाबा गेल्यापासून लालबागला मी एकटीच. तिने नाही म्हणावं, हे मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ऐकवलं. पोरगी गुपचूप ऐकायची आणि भात लावायची.

शनिवारी तिने मला इनासा डोंगरावर नेलं. मी पिशवीत नारळ घेतला. डोंगर म्हटला की वर देव असणारच, हे आम्हा कोकणातल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. रोपवेने वर पोचलो तर काय, टीव्हीचे मनोरे, गोल गच्ची आणि खायची-प्यायची सोय. देवाचा पत्ता नाही.

"देऊळ खाली होतं, रोपवेपाशी," लेक म्हणाली.

"मग तेव्हा तोंड शिवलं होतंस?" मी करवादले.

"आई, प्लीज, इथे नारळ फोडू नकोस हां."

मग मी खाली बघितलं. निमुळतं बंदर आणि दोन्हीकडच्या उतारांवर चढत गेलेली घरं. याच गावावर बॉम्ब पडला होता. "सगळं पुन्हा उभं केलं यांनी," ती म्हणाली, आणि क्रेनकडे बोट दाखवून स्वतःच्या जहाजाबद्दल बोलत सुटली. बाबा गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि ही इथे रमलीय, हेही कळलं.

"बाबांनी इथे गाऱ्हाणं घातलं असतं," ती म्हणाली. "तू घाल ना."

आमच्यात गाऱ्हाणं पुरुष घालतात. देवाकडे मोठ्याने मागायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी जन्मभर नुसती व्हय म्हणत आले. पण देऊळ नसलं तरी जागेला राखणदार असतोच. नारळ हातात धरून मी कठड्याशी उभी राहिले. काय मागायचं ते ठरलेलंच होतं, पोर घरी येऊ दे.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या चेडू तुझ्या मुलखात ऱ्हवता..." मी बाजूला बघितलं. पोर हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

"तेका हयसरच सुखान ऱ्हवांदे."

इथेच सुखाने राहू दे, असं मी म्हणून बसले होते. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "व्हय म्हण गो," मी दटावलं.

"व्हय म्हाराजा."

"तेच्या कामाक येश दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि तेच्या आवशीक, माका, एकट्यान ऱ्हवाची ताकद दी."

ती माझा दंड धरून म्हणाली, "ह्याका नाय, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला कुणी नाय म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सोमवारी तिने होकार कळवला आणि त्याच संध्याकाळी दोघींसाठी दोन खोल्यांचं घर बघायला मला सोबत घेऊन गेली.